सहन कोणी करायचं?

(रत्नागिरी येथे युवकांच्या अभ्यासशिबिरात केलेलं भाषण)



शिबिराच्या पत्रकावर माझ्या नावापुढं विषय छापलाय, 'वाचन-लेखनातून किशोरांना सहिष्णुतेचे शिक्षण'. तो वाचून मुंबईहून आलेला एक दोस्त मघाशी टपरीवर म्हणाला, "सर, हा आपला विषय नाही. हा दोन ऑक्टोबरच्या निबंधाचा विषय आहे." त्याचं म्हणणं मला अर्धं पटलं. उरलेल्या अर्ध्यासाठी मी इथं उभा आहे.

पहिल्यांदा हा शब्दच फोडू. सहिष्णुता. फोडला की आत काय निघतं? सहन. आता सहन करायला आपल्याला कोणी शिकवायचं? या विषयात आपली जात पिढ्यान् पिढ्या पहिल्या नंबरानं पास होत आली. पाणवठ्यापासून दहा हात लांब ओंजळ पसरून बसायचं, वरून कोणी ओतील तेव्हा प्यायचं, कोणी नाहीच ओतलं तर रिकामं मडकं घेऊन परत यायचं. माझ्या आजीनं जन्मभर हे केलं. तिच्याएवढी सहिष्णू बाई या जिल्ह्यात झाली नसेल. तिला कोणी पुरस्कार दिला नाही.

आणि जेव्हा जेव्हा आपल्यातल्या कोणी मान वर केली, तेव्हा गावानं काय सांगितलं? "सबुरीनं घ्या." पोरीची छेड काढली, मिटवून टाका. पोराला जातीवरून शिवी दिली, मिटवून टाका. दोस्तहो, 'मिटवणं' या शब्दाचा अर्थ नीट लक्षात घ्या. जे लिहिलेलं असतं तेच मिटवता येतं. म्हणून आपलं लिहिणं त्यांना आधीपासून खुपत आलंय.

तेव्हा मार खाणाऱ्याला जी शिकवली जाते त्या सहिष्णुतेबद्दल मला बोलायचं नाही. तिचा धडा या देशात खूप गिरवून झाला. मला दुसरीच एक गोष्ट सांगायची आहे. सत्य ऐकून घेणं, तेही आपल्याला न आवडणारं, आपल्याला उघडं पाडणारं, ही खरी सहन करण्याची ताकद आहे. मार सहन करणाऱ्याला दुबळा म्हणतात. सत्य सहन करणाऱ्याला जिगर लागते. ती जिगर पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांत येते का, आणि वही-पुस्तकानं येते का, एवढाच माझा विषय.

हे बोलायला रत्नागिरीइतकी योग्य जागा नाही. का ते सांगतो.

याच जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात आंबडवे आहे, बाबासाहेबांच्या घराण्याचं मूळ गाव. तिथून पुढं दापोली. इंग्रजी फौजेत नोकरी करून पेन्शनीत निघालेली आपली पुष्कळ माणसं दापोलीत राहायची. रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर त्यांतलेच. त्यांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली आणि धर्ममार्तंडांना विटाळाबद्दल सरळ प्रश्न विचारले. १८९४ साली फौजेतली आपली भरती बंद केल्याविरुद्ध अर्ज लिहिला. बाबासाहेब तेव्हा तीन वर्षांचे होते. म्हणजे आपली चळवळ दगडातून उठली नाही, ती अर्जातून उठली.

त्याच काळात दापोलीच्या या पेन्शनर लोकांनी सरकारकडे अर्ज केले की आमची पोरं नगरपालिकेच्या शाळेत घ्या. लढून लढून पोरांना शाळा मिळाली. पण बसवलं कुठं? बाहेर ओटीवर. आत मास्तर शिकवणार, आतली पोरं पाटी दाखवणार, आणि आपली पोरं ओटीवरून कान लावून ऐकणार.

ही ओटी डोळ्यांसमोर ठेवा. कारण प्रस्थापितांच्या भाषेत यालाच सहिष्णुता म्हणतात. हाकललं नाही ना? मग झालं! तुमचं असणं आम्ही चालवून घेतो, पण आत येऊ नका. ओटीवरच्या पोरानं आभार मानायचे आणि उन्हात बसून बाराखडी गिरवायची.

रत्नागिरी शहरात पतितपावन मंदिर आहे. १९३१ साली ते सर्वांसाठी उघडलं. भागोजीशेठ कीरांनी पैसा घातला, सावरकरांनी पुढाकार घेतला. त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती, हे मी मान्य करतो. पण नाव वाचा. पतितांना पावन करणारं. म्हणजे आम्ही पतित! आम्ही आपण होऊन पडलो होतो काय? ज्यांनी ढकललं त्यांच्यासाठी शब्द कुठाय? त्यांना पावन करायचं देऊळ कुणी बांधलं नाही. ओटीवरून आत घेतलं तरी आत शिरताना कपाळावर 'पतित' लिहून घेतलं. एका शब्दात केवढा डाव असतो बघा. पोरांना वाचायला शिकवायचं ते असं. अक्षरं जोडून वाचता येणं वेगळं, आणि शब्दाच्या पोटात कोण बसलाय ते ओळखणं वेगळं.

नुसत्या साक्षरतेनं काही होत नाही, हे मी रागानं सांगतो. २८ एप्रिल २०१४. खर्डा, तालुका जामखेड, तेव्हाचा अहमदनगर जिल्हा. नितीन आगे, वय वर्षं सतरा. उच्च जातीच्या मुलीशी बोलतो या संशयावरून त्याला मारून झाडाला टांगलं. खटला चालला. साक्षीदार फिरले. २०१७ साली कोर्टानं सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. त्या गावात शाळा होती. लोकांना सही करता येत होती. पण जे डोळ्यांनी पाहिलं ते तोंडानं सांगण्याएवढं शिक्षण त्या शाळेतून मिळालं नव्हतं. मला सहिष्णुतेवरचे धडे दाखवू नका. सत्य सांगणारा आणि सत्य ऐकून घेणारा माणूस तयार करणारी शाळा दाखवा.

आता तुम्ही विचाराल, असं कधी झालंय का? झालंय. अर्धंमुर्धं झालंय. तेही याच जिल्ह्यातल्या माणसाकडून.

दापोलीजवळ पालगड. तिथं १८९९ साली साने गुरुजी जन्मले. नाव काढल्याबरोबर तुमच्यातल्या काहींनी तोंड वाकडं केलं, मी इथून बघतोय. ऐकून घ्या. गुरुजी अमळनेरला शिक्षक होते, वसतिगृहाची पोरं सांभाळत होते. त्या पोरांसाठी ते 'छात्रालय' नावाचं दैनिक हातानं लिहून काढत. छापखाना नाही, पैसा नाही. दिवसभर शिकवायचं आणि पोरांसाठी पानंच्या पानं लिहायची. घर सोडून आलेल्या, एकमेकांशी भांडणाऱ्या पोरांना एकत्र बांधायला त्यांनी छडी घेतली नाही, कागद घेतला. पुढं १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिलं. १९४७ साली पंढरपूरचा विठोबा आपल्यासाठी मोकळा व्हावा म्हणून उपोषण केलं. आपल्याला विठोबा नको होता, हे खरं. पण माणूस पोटातून बोलत होता, हेही खरं.

आणि पुढची गंमत बघा. १९४८ साली गुरुजींनी 'साधना' साप्ताहिक काढलं. पंथर २९ मे १९७२ ला निघाली. त्याच वर्षी स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून 'साधना'नं १५ ऑगस्टला खास अंक काढला, आणि त्यात राजा ढालेंचा 'काळा स्वातंत्र्यदिन' छापला. महाराष्ट्रभर गदारोळ उठला. तुमचा राष्ट्रध्वज, तुमचं स्वातंत्र्य, तुमचा रौप्यमहोत्सव यांना भर चौकात जाब विचारणारा लेख गुरुजींनी काढलेल्या साप्ताहिकात आला! ज्याच्या हातात छापखाना आहे त्यानं आपल्याला झोंबणारं सत्य छापायचं. सहिष्णुता कोणी दाखवायची असते, तर ती अशी, छापखानावाल्यानं. ज्याच्या पाठीवर वळ आहेत त्यानं नव्हे.

पंथर काढणारे कोण होते? नामदेव ढसाळ कवी, ज. वि. पवार लेखक, राजा ढाले लेखक. अनियतकालिकांतून लिहिणारी, रात्र रात्र वाचणारी पोरं. तेव्हा वाचन-लेखन हे मऊ लोकांचं काम आहे असं कोणी म्हणालं तर त्याला आपलाच इतिहास वाचायला द्या.

आता माझ्या वर्गाबद्दल सांगतो. शहराच्या कडेला एका वस्तीत विहाराला लागून एक खोली आहे. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी तिथं पोरं जमतात. नववी-दहावीला गचकलेली, शाळेनं नाद सोडलेली, घरानं कामाला जुंपलेली. कोणी मीरकरवाड्याच्या बंदरावर मासळी उचलतो, कोणी हॉटेलात कपबशा विसळतो, हंगामात कोणी आंब्याच्या पेट्या भरतो. बौद्ध आहेत, कुणबी आहेत, भंडारी आहेत, मुसलमान आहेत. मुली सहा आहेत. वस्तीचं आणि पोरांचं नाव मी सांगणार नाही. त्यांचं लिहिणं त्यांचं आहे.

वर्गाचे नियम तीनच.

पहिला नियम, वहीवर लाल शाई नाही. तुम्हाला आठवतं का, शाळेत वहीवर मास्तर काय लिहायचे? 'अशुद्ध'. आणि विषयाचं नाव काय? 'शुद्धलेखन'. ज्या पोराच्या सावलीला पिढ्यान् पिढ्या अशुद्ध म्हटलं, त्याच्या भाषेवरही पुन्हा तोच शिक्का! पोरगं घरी बोलतं तसं लिहितं, 'आमी', 'न्हाय', 'व्हता'. त्यावर लाल रेघ मारली की ते जन्मात पुन्हा वही उघडत नाही. प्रमाण भाषा मी शिकवतो. ती शिकलीच पाहिजे, कोर्ट-कचेरीत तीच लागते. पण ती हत्यार म्हणून शिकवतो, सोवळं म्हणून नाही.

दुसरा नियम, आधी आपला राग लिहायचा. या पोरांना पहिल्याच दिवशी "दुसऱ्याला समजून घ्या" म्हणालो असतो तर दुसऱ्या दिवशी खोली रिकामी झाली असती. ज्याचं कोणी कधी ऐकलं नाही त्याला ऐकायला सांगणं ही बदमाशी आहे. आधी त्याला बोलू दे. शिव्या लिहू दे. चार पानं, दहा पानं. तळ लागला की राग स्वतःच विचारायला लागतो की पुढं काय.

तिसरा नियम, एकजण वाचत असताना मधे बोलायचं नाही आणि हसायचं नाही. वाचून झाल्यावर ज्याला उत्तर द्यायचंय त्यानं आधी वाचणाऱ्याचं म्हणणं आपल्या तोंडानं परत सांगायचं. वाचणारा "हो, मी हेच म्हणालो" म्हणेल, तेव्हाच पुढं बोलायचं. सोपं वाटतं ना? करून बघा. आपल्या मोठ्या मोठ्या पुढाऱ्यांना हे जमत नाही, म्हणून तर आपले इतके गट झाले.

पहिल्या वर्षी आम्ही दोन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचली. एक 'श्यामची आई', दुसरं उर्मिला पवारांचं 'आयदान'. दोन्ही याच जिल्ह्याच्या मातीतली. गुरुजी पालगडचे, उर्मिलाताई फणसवळ्याच्या.

'श्यामची आई'त एक प्रसंग आहे. एक म्हातारी महारीण, तिची लाकडाची मोळी खाली पडलीय, तिला डोक्यावर घ्यायला कोणी हात लावत नाही, विटाळ होईल म्हणून. श्यामची आई श्यामला पाठवते, जा, तिला मोळी उचलून दे, आणि मग घरी येऊन आंघोळ कर. वर्गात वाचून झालं. सगळे गप्प. पाठ्यपुस्तकानं शिकवलं असतं, बघा किती दयाळू आई. मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "सर, आंघोळ कशाला?"

बस्स. या एका प्रश्नावर आमचे तीन वर्ग गेले. त्या आईची माया खोटी होती का? नव्हती. मग आंघोळ खरी होती का? तीही खरी होती. चांगला माणूस आणि विटाळ एकाच अंगणात राहू शकतात, हे पोरांनी शोधून काढलं. मला सांगावं लागलं नाही.

मग 'आयदान' उघडलं. त्यात सुरुवातीलाच गावच्या बाया डोक्यावर ओझी घेऊन, लाकडं, गवत घेऊन डोंगरवाटेनं रत्नागिरीच्या बाजाराला निघतात. तीच मोळी, मित्रांनो! पण आता मोळीखालचं डोकं बोलतंय. त्या बाया चालताना हसतात, शिव्या घालतात, नवऱ्यांबद्दल बोलतात, दमतात. त्या कोणाच्या दयेची वाट बघत नाहीत. आणि नवरा गेल्यावर रात्रंदिवस बांबूची आयदानं विणून पोरं शिकवणारी ती आई. शाळेत पोरीला शेण काढायला सांगितलं, पोरगी नाही म्हणाली, मास्तरनं मारलं, तेव्हा मास्तरला रस्त्यात जाब विचारणारी ती आई. माझ्या पोरांनी पहिल्यांदा बघितलं की पुस्तकातली आई आपल्याही आईसारखी असू शकते.

मी पोरांना सांगितलं, आता त्या मोळीवर लिहा. ज्यांच्या घरी मोळी वाहिली जात होती त्यांनी श्यामच्या बाजूनं लिहा. ज्यांच्या घरी मोळी विकत घेतली जात होती त्यांनी म्हातारीच्या बाजूनं लिहा. दुसऱ्याच्या जागी उभं राहायचं, पण आपली जागा न सोडता. हीच तालीम मला द्यायची आहे. यालाच मी शिक्षण म्हणतो.

आणि मग एक दिवस ठिणगी पडली. वर्गातला एक आपला पोरगा हॉटेलात काम करायचा. तिथं दुसऱ्या कामगारानं त्याला जातीवरून शिवी घातली. पोरगा वर्गात आला तो मूठ वळूनच. त्यानं चार पानं लिहिली आणि उभं राहून वाचली. तोच शब्द, जसाच्या तसा. ऐकणाऱ्यांत एक कुणबी पोरगा होता. आदल्या आठवड्यात गंमत म्हणून त्यानंही तोच शब्द वापरला होता. नियमाप्रमाणं त्याला आता ते म्हणणं आपल्या तोंडानं परत सांगायचं होतं. त्याला तो शब्द उच्चारता येईना. थांबला, पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबला. आणि खाली बसला.

पुढच्या वर्गाला त्यानं एक पान आणलं. त्याच्या पणजोबांबद्दल. खोताच्या अंगणात चपला हातात घेऊन उभे राहायचे, पिकलेलं भात आधी खोताच्या कोठारात टाकायचे, खोताच्या शेतात फुकट राबायचे. घरातल्या म्हाताऱ्याकडून विचारून विचारून त्यानं लिहून आणलं होतं.

तेव्हा मी पोरांना खोतीचा इतिहास सांगितला. एप्रिल १९२९ मध्ये चिपळूणच्या परिषदेत बाबासाहेब खोतीवर तुटून पडले. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या कुळांचा हजारोंचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर गेला, त्यात महारही होते, कुणबीही होते. १९४९ साली कायद्यानं खोती गेली. ज्या माणसाच्या फोटोवरून आज वाडीवाडीत कुरबुर होते, त्याच माणसानं कुणब्याच्या जमिनीसाठी बिल लिहिलं होतं. कुणबी पोरगा म्हणाला, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही." सांगितलं नाही, कारण ते सांगितलं तर दोघांना झुंजवायचं कसं?

टाळ्या नकोत. गोष्ट इथं संपत नाही. आपला पोरगा उठला आणि त्यानं विचारलं, "तुझा पणजा खोताच्या अंगणात उभा होता, मान्य. पण माझ्या पणज्याला तुझ्या पणज्यानं विहिरीवर येऊ दिलं का?" खोलीत कोणी श्वास घेईना. कुणबी पोरगा म्हणाला, "नसंल दिलं." एवढंच. पण ते त्यानं वहीत लिहिलं. ते पान मी पाहिलंय. मित्रांनो, माफी, गळाभेट, एका ताटात जेवण यांच्या फोटोंपेक्षा ती दोन शब्दांची कबुली मला मोठी वाटते. सत्य सहन करणं म्हणजे काय, हे सोळा वर्षांच्या पोरानं दाखवलं. आणि आपल्या पोरानं त्याच आठवड्यात, शिवी देणाऱ्याविरुद्ध अर्ज कसा लिहायचा ते शिकून घेतलं. तारीख, वेळ, ठिकाण, साक्षीदार. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा काय म्हणतो ते वाचून घेतलं. समजून घेणं आणि सोडून देणं यांत फरक आहे. वर्गात समजून घेऊ, ठाण्यात सोडणार नाही.

इथपर्यंत तुम्हाला बरं वाटलं असेल, कारण दुसऱ्याला सत्य ऐकावं लागलं. आता आपली पाळी.

रत्नागिरीत आंब्याच्या बागा राखायला आणि बोटींवर खलाशी म्हणून नेपाळची माणसं येतात. आपली पोरं त्यांना 'बहादूर' म्हणून हाका मारतात, नकला करतात. मी सांगितलं, एका राखणदारावर एक पान लिहा, पण अट एक, त्याचं खरं नाव विचारून यायचं. पोरं गेली. नाव विचारताना बोलणं निघालं. त्यातला एकजण घरी पाठवलेल्या पैशांचा हिशेब वहीत लिहून ठेवत होता. आमच्या पोरांनी आपल्या आज्यांच्या मनिऑर्डरींच्या गोष्टी ऐकल्या होत्या. गिरणीतला चाकरमानी आणि बागेतला नेपाळी यांची वही एकच निघाली. 'बहादूर' बंद झालं.

एका मुसलमान पोरानं लिहिलं की मॅच असली की सगळे टीव्हीकडं बघतात आणि मधून मधून माझ्याकडं, मी टाळी कधी वाजवतो ते. हे ऐकताना आपली पोरं खाली बघत होती.

आणि मुली. एका मुलीनं वाचलं की आमच्या घरी भिंतीवर बाबासाहेब आहेत, बुद्ध आहेत, आणि भाऊ वाचत बसला की मी भांडी घासते. वर्ग संपल्यावर भाऊ म्हणतो, बाहेर कशाला सांगतेस, घरातलं घरात राहू दे. म्हणजे काय? मिटवून टाक! गावानं आपल्याला जे सांगितलं तेच आपण बहिणीला सांगतो. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली काढलं. गावोगाव फिरून चळवळीतल्या बायांना बोलतं करून लिहिलं. त्या पुस्तकाचं नावच आपल्याला विचारतं की त्या 'ही'ची वेळ का आली? हा प्रश्न आपण पुरुषांनी सहन करायचाय. आपल्यातल्या पोटजातींचाही प्रश्न आहे. महार-चांभार-मांग म्हणून लग्नाच्या वेळी कोण कुणाची ओटी दाखवतो, ते प्रत्येकानं आपापल्या वहीत लिहावं.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत सांगितलं होतं की बंधुता नसेल तर समता आणि स्वातंत्र्य वरवरच्या रंगासारखी राहतील. त्यांनी सहिष्णुता मागितली नाही, बंधुता मागितली. पुढं तिलाच मैत्री म्हटलं. ओटी आणि घर यांच्यात जेवढा फरक, तेवढा या दोन शब्दांत आहे. सहिष्णुता म्हणते, तू बाहेर बस, मी चालवून घेतो. मैत्री म्हणते, आत ये आणि माझी चूक काढ.

माझ्या वर्गातली सगळी पोरं सुधारली असं मी सांगणार नाही. दोघं मधेच सोडून गेले. एक पुन्हा त्याच टोळक्यात बसतो आणि मोबाईलवर आलेली विषारी पोस्ट पुढं ढकलतो. वही म्हणजे ताईत नव्हे. पण जी उरली, त्यांच्यापुढं उद्या कोणी खर्ड्यासारखा प्रसंग उभा केला आणि कोर्टात विचारलं की तू काय पाहिलंस, तर ती फिरणार नाहीत, एवढा माझा भरवसा आहे. साक्ष द्यायलाही सराव लागतो. पाहिलेलं लिहायचा, लिहिलेलं उभं राहून वाचायचा, आणि कोणी डोळे वटारले तरी तेच पुन्हा वाचायचा सराव.

मुंबई-ठाण्याहून आलेल्यांना माझं सांगणं आहे. तुमच्या चाळीत, झोपडपट्टीत, विहारात रिकामी खोली आहेच. जयंतीच्या डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात वर्षभराच्या वह्या येतात. वीस पोरं जमवा. त्यांत पाच तरी दुसऱ्या जातीधर्माची असू द्या, आणि निम्म्या मुली. शेजारी शेजारी ठेवून वाचता येतील अशी दोन पुस्तकं निवडा. लाल पेन घरी ठेवा. पहिला महिना फक्त राग लिहू द्या. अर्ज लिहायला शिकवा. आणि महिन्यातून एकदा तुम्ही स्वतःबद्दल लिहिलेलं एक पान पोरांपुढं वाचा. त्यांनी त्यावर काय म्हटलं ते मधे न बोलता ऐका.

मागच्या टेबलावर कोऱ्या वह्या ठेवल्यात. जेवायला जाताना एकेक उचला. दुपारच्या सत्रात भाषण नाही. प्रत्येकानं लिहायचंय, आपल्या घरात, आपल्या गल्लीत, आपल्या संघटनेत आपण कुणाला ओटीवर बसवलंय. चार वाजता वाचन सुरू होईल. पहिलं मी वाचतो.

जयभीम!